आधी कागद, मग ॲडमिशन. आधी फोन, मग गोळी: कॅन्सरच्या उपचारातला टाळता येणारा खर्च

कॅन्सरमध्ये पैसा दोन वाटांनी जातो. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, औषधं यांचा खर्च डॉक्टर आणि आजार ठरवतात. दुसरा खर्च आपल्या उशिरामुळे होतो. रात्रभर ताप अंगावर काढला आणि सकाळी थेट आयसीयू लागलं. जुनी सीडी सापडली नाही म्हणून स्कॅन पुन्हा केला. पांढऱ्या पेशी कमी असल्याचं पुण्यात आल्यावर कळलं आणि इंदापूरहून केलेली गाडी फुकट गेली. योजनेचं कार्ड ॲडमिशननंतर शोधलं, तोवर बिल रोखीत भरून झालं होतं. हा दुसरा खर्च बऱ्याच अंशी टाळता येतो, पण त्यासाठी कामं ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात. पुणे आणि आसपासच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. औषधांचे निर्णय तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचेच. त्यांच्यापर्यंत वेळेत आणि नेमकी माहिती घेऊन कसं पोचायचं, ते इथे सांगितलं आहे.

## टप्पा १: एक माणूस, एक फाईल, एक वही

घरातला एकच माणूस मुख्य ठेवा. आज थोरला, उद्या जावई, परवा शेजारी असं झालं की डॉक्टरांनी काय सांगितलं ते प्रत्येकाला अर्धवट कळतं आणि तेच रक्त दोन ठिकाणी तपासलं जातं. मुख्य माणूस आजारी पडला किंवा रजा मिळाली नाही तर त्याच्या जागी कोण, तेही आजच ठरवा.

फाईलमध्ये सगळ्यात वर एकच कागद, हाताने लिहिलेला चालेल. त्यावर रुग्णाचं नाव, वय, रक्तगट, वजन, आजाराचं निदान आणि स्टेज, डॉक्टरांचं नाव, चालू केमोची औषधं, आत्तापर्यंतच्या केमोच्या तारखा, ॲलर्जी आणि रोजच्या सगळ्या गोळ्या लिहा. सगळ्या म्हणजे बीपी आणि शुगरच्याच नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी, गावाकडून आणलेला काढा, चूर्ण, ओळखीच्या माणसाने दिलेलं भस्म, हे सगळं त्यात आलं पाहिजे. काही काढे आणि भस्मं यकृतावर ताण आणतात. मग रिपोर्ट बिघडतो, त्याचं कारण कळत नाही, केमो पुढे जाते आणि तपासण्यांची रांग लागते.

त्यामागे या क्रमाने कागद लावा: बायोप्सीचा रिपोर्ट, आयएचसीचा रिपोर्ट (गाठीच्या पेशींची खास रंग वापरून केलेली तपासणी), स्कॅनचे रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोट्स, डिस्चार्ज कार्डं, रक्ताचे रिपोर्ट (नवीन वर), बिलं.

बायोप्सीच्या कागदाइतकाच ब्लॉकही महत्त्वाचा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. दुसरं मत घ्यायचं असो किंवा मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं असो, ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागितल्या जातातच. त्या लॅबमधून पत्र देऊन मिळतात. कडक डबीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. ब्लॉक हरवला तर पुन्हा बायोप्सी करायची वेळ येऊ शकते.

स्कॅनची सीडी हातात मिळाली की काउंटर सोडण्याआधी ती उघडते का ते तिथेच बघायला सांगा. घरी पेनड्राइव्हवर कॉपी करा. प्रत्येक कागदाचा दिवसाउजेडी पूर्ण पानाचा फोटो काढून तो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

तपासा: मध्यरात्री अनोळखी कॅज्युअल्टी डॉक्टरला फाईल दिली, तर एका मिनिटात त्याला कोणता कॅन्सर, कोणती केमो आणि शेवटची कधी हे कळेल का? कळत नसेल तर वरचा कागद पुन्हा लिहा.

## टप्पा २: पैशाचा मार्ग ॲडमिशनच्या आधी

सगळ्यात महागडी चूक इथे होते. "आधी उपचार सुरू करू, योजनेचं नंतर बघू" म्हणून रोख भरलेले पैसे सरकारी योजनेतून परत मिळत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही कॅशलेस आहेत. मंजुरी आधी लागते, आणि तीही योजनेत असलेल्या रुग्णालयातच. म्हणून खालच्या क्रमाने प्रत्येक दार तपासा. एक बंद असलं तर पुढचं.

विमा. कंपनीचा असो किंवा स्वतःचा, पॉलिसी पूर्ण वाचा आणि तीन गोष्टी शोधा. रूमच्या भाड्याची मर्यादा किती, डे-केअर केमो (केमो घेऊन त्याच दिवशी घरी) आणि तोंडाने घ्यायची केमो यांना किती संरक्षण आहे, आणि ॲडमिशनच्या आधीचे व नंतरचे किती दिवसांचे खर्च मिळतात (अनेक पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६०). मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर बऱ्याच पॉलिसींत कात्री फक्त खोलीच्या भाड्याला लागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरेही त्याच प्रमाणात कापलं जातं. एसी सिंगल रूमच्या मोहात पडून लाखांत फटका बसतो तो इथे.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. चाकण, भोसरी, पिंपरी पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणारे अनेकजण हे विसरतात. पगारातून कपात होत असेल तर उपचाराचा हक्क आहे, पण खासगी रुग्णालयात जाण्याआधी ईएसआयकडून रेफरल घ्यावं लागतं. शिवाय कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला वाढीव आजारपण लाभ मिळतो. तो पगाराच्या ८० टक्के असतो आणि साधारण दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. उपचार फुकट झाले तरी घरात पगार येत नसेल तर कर्ज होतंच, म्हणून हा अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

जन आरोग्य योजना आणि आयुष्मान. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. राज्यात आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या, तिन्ही शिधापत्रिकाधारकांना योजना लागू केली आहे. ७० वर्षं आणि वरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. माहितीसाठी १५५३८८ हा टोल-फ्री क्रमांक. तीन प्रश्न नेमके विचारा: या रुग्णालयात माझ्या आजाराचा उपचार योजनेत होतो का? कोणत्या केमोचं पॅकेज आहे? स्कॅन आणि पेट-सीटी (कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) त्यात धरले आहेत का? महागड्या इम्युनोथेरपीसारख्या (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांसारख्या) गोष्टी पॅकेजबाहेर राहू शकतात. तेव्हा योजनेत काय बसतं आणि काय वरून भरायचं, हे उपचार ठरतानाच लिहून घ्या.

सावधान: आधार आणि शिधापत्रिकेवरच्या नावात फरक असेल, नव्या सुनेचं नाव कार्डावर चढलं नसेल, शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक नसेल, तर मंजुरी अडते. दुरुस्तीला दिवस लागतात. निदान झाल्या आठवड्यातच शिधापत्रिकेचं परिमंडळ कार्यालय गाठा, केमोच्या आदल्या दिवशी नको.

पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना. महापालिका हद्दीत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. पिंपरी-चिंचवड किंवा ग्रामीण भागात राहणाऱ्यांनी तिथे वेळ घालवू नये.

धर्मादाय खाटा. पुण्यातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालच्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. बिलिंग काउंटरवर हुज्जत घालून हे काम होत नाही. बिल झाल्यावर मागण्यापेक्षा ॲडमिशनच्या वेळीच लेखी मागणी करा आणि तारखेची पोच घ्या.

मुख्यमंत्री सहायता निधी आणि मदत देणारे ट्रस्ट. इथे रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, निदानाचे कागद लागतात. उपचार संपल्यावर केलेला अर्ज टिकत नाही, म्हणून अंदाजपत्रक हातात आलं की लगेच पाठवा. ट्रस्टना तोच संच पाठवायचा, त्यामुळे एकदाच स्कॅन करून एका पीडीएफमध्ये ठेवा.

उत्पन्नाचा दाखला जवळजवळ प्रत्येक दारात लागतो. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून तो सगळ्यात आधी काढा.

## टप्पा ३: पहिल्या केमोच्या आधीचा आठवडा

दात तपासून घ्या, विशेषतः तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. म्हणून काढायचे दात रेडिएशनच्या साधारण दोन आठवडे आधी काढून जखम भरू द्यायची असते. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू होणार असेल तरी दात आधी.

हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का ते विचारा. केमोमध्ये दबलेला विषाणू उसळू शकतो. तपासणी स्वस्त आहे, यकृत बिघडल्यावरचा उपचार नाही. ॲड्रियामायसिन किंवा ट्रास्टुझुमॅब हे हृदयावर परिणाम करू शकणारं औषध असेल तर आधी हृदयाची टू-डी एको लागते. ती करून ठेवली नसेल तर केमोच्या दिवशीच धावाधाव होते.

घरात ठेवायच्या वस्तू: पाऱ्याचा नको, डिजिटल थर्मामीटर (बॅटरी तपासून), ओआरएसची पाकिटं, वजनकाटा, मोजपट्टी असलेली पाण्याची बाटली, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उलटीच्या आणि जुलाबाच्या गोळ्या. गोळ्या उलटी सुरू झाल्यावर रात्री अकराला शोधायच्या नसतात.

फोन नंबरांचा कागद फ्रिजवर चिकटवा: डे-केअरचा नंबर आणि वेळ, रात्रीचा नंबर, रुग्णालयाची कॅज्युअल्टी, १०८ रुग्णवाहिका. "रात्री आठनंतर ताप आला तर नेमका कोणाला फोन करायचा आणि कुठे आणायचं?" हा प्रश्न पहिल्याच केमोला विचारा आणि उत्तर तिथेच लिहून घ्या.

जुन्नर, वेल्हे, भोर, दौंडकडच्या रुग्णांनी अजून एक काम करावं. तासाभराच्या आत असं एक रुग्णालय शोधून ठेवावं जिथे रात्री सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) होतं आणि शिरेतून अँटिबायोटिक मिळतं. तिथल्या डॉक्टरांना फाईलचं पहिलं पान आधीच दाखवून ठेवा, आणि कॅन्सरतज्ज्ञांचा नंबर द्या.

तपासा: थर्मामीटर घरातल्या किमान दोघांना वाचता येतो ना? एकदा प्रत्यक्ष लावून बघा.

## टप्पा ४: केमोचा आदला दिवस

सीबीसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि यकृताची तपासणी केमोच्या आधी २४ ते ४८ तासांत घराजवळच्या लॅबमध्ये करा. रिपोर्ट डे-केअरला व्हॉट्सॲपवर पाठवा. "उद्या केमो होणार ना?" याचं होकारार्थी उत्तर आल्यावरच गाडी ठरवा. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर केमो पुढे ढकलतात. हे पुण्यात येऊन कळलं की भाडं, एक दिवसाची मजुरी, सोबत आलेल्याची रजा, सगळं वाया. आपण लॅब निवडतो तीही तपासा. स्वस्तातल्या लॅबच्या रिपोर्टवर विश्वास नाही म्हणून रुग्णालयाने तोच तपास पुन्हा लावला तर दोनदा पैसे जातात. कोणत्या लॅबचा रिपोर्ट चालेल ते आधी विचारा आणि पुढे तीच लॅब ठेवा.

केमोची औषधं कधी काउंटरवरून नातेवाइकांनाच आणायला सांगतात. त्या वेळी आधी वजन, मग डोस, मग खरेदी हा क्रम पाळा. डोस वजन आणि उंचीवरून ठरतो. औषध एकदा मिसळलं की परत घेत नाहीत. पुढच्या केमोसाठी आधीच आणून ठेवणं तर टाळाच, कारण वजन घटलं, रक्त बिघडलं किंवा औषध बदललं तर ते पडून राहतं. बरीचशी औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात आणि प्रवासात ती साखळी तुटते.

पेट-सीटी असेल तर वेगळी काळजी: किमान चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. मधुमेह्यांनी गोळी आणि इन्सुलिनचं आधी फोनवर विचारून घ्यावं. साखर २०० च्या वर असली की केंद्र स्कॅन पुढे ढकलतात, कारण चित्र खराब येतं.

## टप्पा ५: घरी आल्यावर, दिवस मोजा

टाळता येणाऱ्या ॲडमिशन बहुतेक याच काळात होतात, म्हणून हा टप्पा सगळ्यात सविस्तर. केमोचा दिवस पहिला धरा आणि वहीत दिवसाचा क्रमांक लिहा.

आजारी माणसाची तक्रार यायची वाट पाहू नका. आपल्याकडची वयस्कर माणसं "उगाच कशाला त्रास" म्हणून गप्प बसतात. "बरं वाटतंय का?" विचारलं की "बरं आहे" हेच उत्तर येतं. म्हणून संख्या विचारा: लघवी किती वेळा झाली? जुलाब कालपेक्षा किती जास्त? पाणी किती बाटल्या? जेवण किती पोळ्यांचं झालं? लांब राहणाऱ्या मुलाने किंवा भाचीने ठरलेल्या वेळी फोन करून हेच विचारलं तरी काम होतं.

दिवस १ ते ४. उलटीच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे, उलटी होवो न होवो. ओलान्झापिन (उलटी रोखणारी गोळी) दिलं असेल तर झोप येते, ते रात्री. डेक्सामिथासोन (स्टेरॉइडची गोळी) सहसा सकाळी, नाहीतर रात्रभर झोप लागत नाही. मधुमेह्यांची साखर या गोळीने चढते, ग्लुकोमीटरने मोजत राहा. पोटात पाणीही टिकत नसेल किंवा आठ तासांत लघवी झाली नसेल तर फोन. सलाइन डे-केअरमध्ये दोन तासांत लागतं. किडनी बिघडल्यावर मात्र ॲडमिशनच.

पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन लिहिलं असेल तर ते केमोनंतर २४ तास उलटल्यावरच. फ्रिजच्या दारात नको, फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. नेताना बर्फाची पिशवी कापडात गुंडाळा, इंजेक्शनला थेट टेकवू नका. तुमच्या डॉक्टरांच्या परवानगीने ते घराजवळच्या डॉक्टरकडे घेतलं तर प्रवास वाचतो. हाडं दुखणं अपेक्षित आहे. पैसे वाचवायला हे इंजेक्शन परस्पर टाळू नका. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. रोजचं आणि एकदाचं असे दोन प्रकार आणि भारतीय कंपन्यांचे पर्याय आहेत.

दिवस ५ ते १०. तोंड आणि पोट. दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. अल्कोहोलवाले माउथवॉश बंद. तोंडात फोड असताना तिखट आणि गरम टाळा. मऊ भात, दूध, खीर, ताक चालेल, पण ताक घरी लावलेल्या ताज्या दह्याचं.

जुलाब रोजच्या सवयीपेक्षा चार वेळा जास्त झाले की फोन. इरिनोटेकान आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधांमध्ये हे जास्त होतं. जुलाबाची गोळी डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या प्रमाणातच. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर गोळी न घेता फोन. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरमध्ये घातलं तर जुलाब वाढतात.

दिवस ७ ते १४. पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असण्याचा हा साधारण काळ, औषधानुसार थोडा मागेपुढे. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. तोंडातून मोजताना आधी पंधरा-वीस मिनिटं चहा-पाणी नको. तोंडात फोड असतील तर काखेत. काखेतला आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी असतो हे धरा. गुदमार्गातून कधीही नाही. कपाळावर धरायच्या बंदुकीवर विसंबू नका.

सावधान: १००.४ फॅरनहाइट एकदा दिसला की फोन. आधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, आतलं इन्फेक्शन वाढत राहतं आणि सगळ्यांना खोटा दिलासा मिळतो. थंडी वाजून अंग थरथरत असेल तर आकडा कमी असला तरी फोन.

फोनवर सांगायचं ते असं, याच क्रमाने:

"पेशंट बाई, वय ५८, स्तनाचा कॅन्सर. तिसरी केमो ४ तारखेला. आज १२ तारीख, नववा दिवस. संध्याकाळी सहाला तोंडातून ताप १००.८. थंडी वाजतेय. लघवी झालीये. पॅरासिटामॉल दिलेली नाही. शेवटचं सीबीसी ३ तारखेचं. शुगर आहे. आम्ही नऱ्ह्यात आहोत, तासाभरात पोचू. कुठे आणू?"

कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य: "केमो चालू आहे आणि ताप आहे." ओपीडीच्या रांगेत बसू नका. अशा रुग्णाला तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. लवकर पोचलेल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्या देऊन, लक्ष ठेवून घरीही पाठवू शकतात. बीपी पडून आलेल्याला तो मार्ग उरत नाही. खर्चातला सगळ्यात मोठा फरक या काही तासांत पडतो, आणि जिवाचाही.

न थांबता निघायच्या इतर खुणा: धाप, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, न थांबणारं रक्त, अचानक पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, एका पायाला सूज. पायातली ताकद जाणं म्हणजे मणक्यावर दाब असू शकतो. तिथे "उद्या बघू" म्हटलं तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

तपासा: वहीतल्या आजच्या ओळीत दिवसाचा क्रमांक, दोन वेळचा ताप, लघवी, जुलाब, पाणी आहे ना? वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी.

## टप्पा ६: औषधखरेदी

कॅन्सरच्या अनेक औषधांवर छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठी तफावत असते. २०१९ मध्ये केंद्राने ४२ कॅन्सर औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा ३० टक्के केली, तरीही दुकानागणिक दर बदलतो. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि रुग्णालयाचं दुकान, अमृत फार्मसी (सवलतीच्या दरात औषधं देणारी सरकारी दुकानं), जन औषधी केंद्र, मोठा घाऊक विक्रेता, असे तीन-चार दर विचारा. ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांना विचाराच. बिल, बॅच क्रमांक आणि मुदत तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पावतीविना मिळणारी स्वस्त शीशी घेऊच नका.

तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या कोणत्या दिवशी चालू, कोणत्या दिवशी बंद, हे कॅलेंडरवर रंगाने लिहा. कॅपेसिटाबिन बहुधा दोन आठवडे चालू, एक आठवडा बंद, जेवणानंतर अर्ध्या तासात. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले तर लगेच कळवा. डोस बदलून उपचार चालू राहतो, दुर्लक्ष केलं तर पूर्ण थांबतो.

## टप्पा ७: रेडिएशन आणि नाकातली नळी

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, बऱ्याचदा पाच ते सात आठवडे. मधे पडणारे खाडे उपचाराची ताकद कमी करतात, म्हणून प्रवासाची व्यवस्था पहिल्या दिवसाआधी करा. लांबच्यांनी राहण्याची सोय समाजसेवकाला विचारावी. रोज ये-जा करताना गाडीभाड्यात जेवढं जातं, त्यात अनेकदा खोली होते. मुंबईला तपासणीला जाणाऱ्यांनी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर रेल्वेची सवलत घ्यावी.

तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमध्ये गिळता येत नाही म्हणून वजन पटकन उतरतं. नळीतून आहार देताना रुग्ण ३० ते ४५ अंशांत टेकून बसलेला असावा, आणि नंतर अर्धा-एक तास तसाच. अन्न बारीक वस्त्रातून गाळलेलं. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी नळीतून ढकला. गोळ्या पूर्ण विरघळवूनच. नळी बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे न गाळलेली नाचणीची पेज आणि नीट न कुटलेली गोळी. बंद पडली की रुग्णालयाची एक खेप. नाकाजवळच्या नळीच्या खुणेवर पेनने रेघ ओढा. रेघ सरकली असेल तर आहार न देता फोन करा.

पीआयसीसी लाइन (केमोसाठी दंडाच्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर दर आठवड्याला फ्लश (औषधी पाणी सोडून नळी साफ करणं) आणि ड्रेसिंग, पोर्ट (छातीच्या कातडीखाली बसवलेली केमोची डबी) असेल तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने. चुकलं तर लाइन तुंबते आणि नवी बसवावी लागते.

## टप्पा ८: दुखणं

दुखण्यासाठी केलेल्या रात्रीच्या कॅज्युअल्टी फेऱ्या बहुतेक टाळता येतात. वेदना शून्य ते दहा अशा आकड्यात विचारा. मॉर्फिन वेळेवर, सांगितल्याप्रमाणे घ्या. दुखल्यावर घेण्यापेक्षा ठरल्या वेळी घेतलं तर कमी लागतं. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. बद्धकोष्ठाने पोट फुगून ॲडमिट होणं हे मॉर्फिन चुकीचं आहे म्हणून होत नाही, पोट साफ होण्याचं औषध वगळल्यामुळे होतं.

पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) म्हणजे शेवट, हा समज बाजूला ठेवा. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र रुग्णांकडून पैसे घेत नाही. उपचार चालू असतानाच तिथे नाव नोंदवा, म्हणजे दुखणं, जखम, श्वास यासाठी मदत मागायला जागा राहते.

## टप्पा ९: डिस्चार्ज आणि क्लेम

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी बिलाची तोपर्यंतची प्रत मागा. न वापरलेली औषधं आणि साहित्य परत केल्याची नोंद त्यात आहे का ते बघा. कॅशलेसचा कागद रुग्णालयाकडून सकाळीच गेला पाहिजे, नाहीतर एक दिवसाचं भाडं वाढतं.

डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी असल्याशिवाय निघू नका: पुढची तारीख, कोणत्या गोळ्या बंद आणि कोणत्या चालू, आणि कशाला फोन करायचा.

डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा विम्याचा क्लेम मुदतीतच टाका. प्रत्येक बिलासोबत त्याचं प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट जोडा. जोडी सुटली की तो कागद नामंजूर. मूळ कागद देण्याआधी पूर्ण झेरॉक्स घ्या आणि पोच सांभाळा. आयकराच्या जुन्या पद्धतीत कॅन्सरच्या उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते. विम्यातून परत मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. त्यासाठी लागणारं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मार्चपर्यंत न थांबता, त्याच ओपीडीत डॉक्टरांकडून भरून घ्या.